मान मोडून

गेल्या डिसेंबरात आमच्या बीडीएसच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी स्नेहसंमेलन झालं. जेवणं झाली, भाषणं टळली आणि ग्रुप फोटोसाठी आम्हाला हॉटेलच्या पायऱ्यांवर उभं केलं. फोटोग्राफर पोरगा कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, मॅडम, सगळ्यांनी जरा सरळ उभं राहता का?"

"सरळच उभे आहोत की."

त्याने वाकून ट्रायपॉड तपासला. ट्रायपॉडही सरळ होता.

फोटो हातात आला तेव्हा त्या पोराचं दुःख कळलं. चाळीसेक माणसं, आणि वाऱ्याने उसाचा फड एका अंगाला लवावा तशी सगळी एकाच बाजूला कललेली. उजवा खांदा वर, डावा खाली, आणि मान अशी पुढे आलेली, की जणू कॅमेऱ्याच्या तोंडातली शेवटची दाढ आम्ही सगळे मिळून शोधतोय. फक्त मागच्या रांगेतला एक जण उलट्या बाजूला कललेला होता. तो डावखुरा.

कॉलेजात असताना भेटलं की आम्ही एकमेकांना विचारायचो, "कोटा झाला का?" म्हणजे परीक्षेला बसण्यापुरते दात काढून आणि भरून झाले का. आता पहिला प्रश्न होता, "तुझं कुठलं?" उत्तरंही जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांच्या पत्त्यासारखी. "माझं मानेतलं, पाचवा-सहावा मणका." "माझं खाली, कंबरेत, चौथा-पाचवा." "माझा खांदा जखडलाय." "मनगट. आणि हल्ली अंगठासुद्धा." एक मैत्रीण म्हणाली, "मला काहीच नाही बाई." सगळे चमकले. चौकशीअंती कळलं, की तिने लग्नानंतर दवाखाना बंद करून साड्यांचं दुकान टाकलंय. उरलेला वेळ आम्ही तिच्या मानेकडे, दृष्ट लागेल अशा नजरेने, बघत बसलो. तेही बघताना आमच्या माना दुखल्याच.

मी दाताची डॉक्टर झाले ती बाबांमुळे. एमबीबीएसची यादी तीन मार्कांनी माझ्याआधीच थांबली तेव्हा घरात सुतक पडलं होतं. बाबा मात्र म्हणाले, "बरंच झालं. दातदुखीला रात्री दोनला कोणी दार ठोठावत नाही. आणि मुख्य म्हणजे बसून काम!" बाबा एसटीत कंडक्टर. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावरच्या वळणांमध्ये हयातभर उभ्याने तिकिटं फाडलेल्या माणसाला 'बसून काम' या दोन शब्दांत अख्खा स्वर्ग दिसत होता. आज बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि ध्वजाच्या काठीसारखे ताठ चालतात. आम्ही दोघं एसटीत चढलो, की लोक उठून जागा देतात. मला.

'बसून काम' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कामाची जागा बघावी. माणसाने पूर्ण आ केला, तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत साधारण चार ते पाच सेंटिमीटर अंतर पडतं. पेशंटची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून आत मावली, की तोंड नीट उघडतंय असं आम्ही समजतो. या तीन बोटांच्या दारातून आत जायचं असतं आरशाने, दात कोरणाऱ्या एअरोटरने, थुंकी ओढणाऱ्या नळीने आणि कापसाच्या बोळ्यांनी. आत जीभ असतेच. ती त्या घरची सासू. नवं कोण आलंय, कुठे टेकलंय, काय करतंय, हे दर दोन सेकंदांनी येऊन चाचपून गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

आणि आमचं गिऱ्हाईक कायम घराच्या मागच्या अंगाला. पुढचे दात क्वचितच किडतात, कारण ते आरशात दिसतात आणि लोक ते घासतात. कीड लागते ती वरच्या डाव्या दुसऱ्या दाढेला, तीही गालाकडच्या बाजूने. आमच्या भाषेत तिला सत्तावीस नंबर म्हणतात: तोंडाच्या चार भागांतला दुसरा भाग, मधून मोजत सातवा दात. हा सत्तावीस नंबर म्हणजे देवघरामागची फट. तिथे काय पडलंय ते बघायचं तर घरच्या बाईला जे आसन करावं लागतं, तेच मी पंचवीस वर्षं पोटापाण्यासाठी करत आले आहे. फरक एवढाच, की देवघर मध्येच "दुखतंय" म्हणत नाही.

खरं तर पेशंटही "दुखतंय" म्हणत नाही. त्याला म्हणता येत नाही. आ केलेल्या तोंडात ओठ आणि जीभ दोन्ही अडकल्यामुळे सगळी व्यंजनं जागीच मरतात आणि स्वर तेवढे बाहेर येतात. आमचं निम्मं शिक्षण ही स्वरभाषा समजण्यात जातं. "उं-अं-अं" म्हणजे दुखतंय. "आ-ई" म्हणजे पाणी. म्हणजे बहुधा पाणी. कधी कधी खरोखरच आई आठवलेली असते. ते डोळ्यांवरून ठरवावं लागतं. डोळे बघायला पुन्हा मान वळवायची.

मानेचा हिशोब एकदा मांडूनच टाकते. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. आत काय आहे यावर ते फारसं अवलंबून नसतं. मान सरळ असेल तर मणक्यांना तेवढाच भार. पण डोकं जसजसं पुढे झुकतं तसतसा हा भार वाढत जातो. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये याचं गणित मांडलं: १५ अंशांत झुकलं तर १२ किलो, ६० अंशांत झुकलं तर २७ किलो. त्यांनी ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांसाठी मांडलं होतं. मोबाइलवाला निदान मोबाइल वर उचलू शकतो. मला पेशंटचं तोंड उचलून डोळ्यांसमोर धरता येत नाही. थोडक्यात, तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा आणि वर दोन किलो साखर एवढं ओझं मानेवर घेऊन मी एक मिलिमीटरची कीड कोरत असते, आणि समोरचा माणूस निघताना म्हणतो, "तुमचं बरंय डॉक्टर, एसीत बसून काम."

लोकांना वाटतं, ओझं उचलणाऱ्याचं अंग दुखावं. ही काय उचलते? चमच्याएवढी हत्यारं! पण मार्केट यार्डातला हमाल पोतं उचलतो, चार पावलं चालतो आणि टाकतो. त्याचे स्नायू आवळतात आणि सैलावतात, रक्त येतं आणि जातं. आमचे स्नायू आवळतात आणि तसेच राहतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, आतला थकवा आतच साठत जातो. खोटं वाटत असेल तर रिकामा हात खांद्याच्या उंचीला समोर धरा आणि सावकाश तीनदा मारुतिस्तोत्र म्हणा. तिसऱ्या वेळेला मारुतीच आठवेल, स्तोत्र नाही. रूट कॅनॉलला यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.

बाकीच्या अवयवांची हकिकतही अशीच. उजवं कोपर हवेत, कोंबडीने एकच पंख उचलून धरावा तसं, म्हणून खांदा. उजवा पाय एअरोटरच्या पेडलवर, त्यामुळे सगळा भार डाव्या ढुंगणावर, म्हणून कंबर. हाताने स्केलिंग करायचं म्हणजे पेन्सिलीएवढं हत्यार चिमटीत घट्ट धरून दातावरचा दगडासारखा थर खरवडायचा. म्हणून मनगट आणि अंगठा. मनगटात जी नस दबते तिच्यामुळे अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. मी तीन वाजता उठून अंथरुणात हात झटकत बसते. पहिल्यांदा नवरा दचकून उठला आणि म्हणाला, "मी काय केलं?" आता तो झोपेतच म्हणतो, "जा, गेल्या मुंग्या." मुळं वाकडी असलेली अक्कलदाढ मी वीस मिनिटांत काढते, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण मला निघत नाही. ते बाबा काढून देतात.

आमचे पूर्वज यापेक्षा सुखी होते का, म्हणून मी इतिहासही उकरून पाहिला. पूर्वीचे दंतवैद्य उभ्याने काम करत. लंडनच्या जेम्स स्नेलने १८३२ मध्ये मागे रेलणारी खुर्ची केली. ती अर्थातच पेशंटसाठी. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसनने पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. शिलाई मशिनसारखं पायाने पेडल मारत राहायचं, एका पायावर उभं राहायचं आणि हाताने दात कोरायचा. चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, जॉर्ज ग्रीनने विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. ग्रीनचा मागचा जन्म दंतवैद्याच्या पायात गेला असावा. १९५७ मध्ये जॉन बॉर्डनने हवेवर चालणारा, मिनिटाला ३ लाख फेरे घेणारा एअरोटर आणला. लगेच १९५८ मध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची आली. पेशंट आडवा झाल्यावर डॉक्टरला उभं राहून करण्यासारखं काही उरेना, म्हणून १९६० नंतरच्या दशकात डॉक्टर बसला. पायाच्या शिरा सुटल्या आणि मान धरली गेली. प्रगती म्हणजे दुखण्याची बदली: सरकारी नोकरासारखी, कामावरून काढत कोणी नाही, फक्त खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर पाठवतात.

शेवटी एक दिवस मान इतकी आखडली, की रस्ता ओलांडताना मला अख्खी वळून बघावं लागलं. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. शिंपी, चांभार अशा सगळ्या वाकणाऱ्यांची दुखणी त्यात आहेत, आणि वैद्यांना एक सल्लाही आहे: रोग्याला विचारा, तू काम काय करतोस? आमच्या डॉक्टरांनी तेच विचारलं.

"काय करता?"

"डेंटिस्ट आहे."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि एक्स-रे न बघताच लिहायला लागले. "मान खाली घालून किती वेळ काम करता?"

"सकाळी दहा ते एक. संध्याकाळी पाच ते नऊ."

"कमी करा."

"खुर्चीचे हप्ते आहेत."

त्यावर त्यांनी सुस्कारा टाकला, कारण त्यांच्याही एक्स-रे मशिनचे असावेत. गोळ्या झाल्या, फिजिओची चिठ्ठी झाली. मी उठले तर ते म्हणाले, "आलाच आहात तर जरा बघता का? मागे काहीतरी लागतंय दोन दिवस." आणि त्यांनी तिथेच, टेबलामागच्या त्यांच्या फिरत्या खुर्चीत, आ केला. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि टेबलावरून वाकून, कंबर पिळून, मान ६० अंशांत घालून बघितलं. सत्तावीस नंबर होता. मानेत जी कट्ट वाजली ती त्यांनाही ऐकू आली. त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली आणि फिजिओचे पाच दिवस होते त्याचे दहा केले.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने व्यायाम शिकवले: हनुवटी मागे खेचा, खांद्याची पाती जवळ आणा, भुजंगासन करा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "व्यायाम करताय ना?"

"हो, रोज."

"दोन्ही वेळा?"

"म्हणजे, सकाळी नक्की. मध्ये जरा गावाला गेले होते..."

बोलता बोलता मी थबकले. हे वाक्य मी ओळखत होते. "दोन वेळा ब्रश करता ना?" या माझ्या प्रश्नाला गेली पंचवीस वर्षं रोज दहा जण हेच उत्तर देत आले आहेत, गावासकट. मी जशी हिरड्या बघून मनात "खोटं" म्हणते, तशी ती माझ्या मानेचा गोळा दाबून मनात "खोटं" म्हणाली. मला ते ऐकूही आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यातही पाषाण मानेत.

मग मी दवाखान्यातच, दोन पेशंटच्या मध्ये, व्यायाम सुरू केले. पहिल्याच दिवशी दोन्ही हात वर करून, डोळे मिटून ताण देत होते, तेवढ्यात पुढच्या पेशंटच्या बायकोने दार ढकललं. ती तशीच मागे फिरली आणि बाहेर नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. डॉक्टरच देवाला हात जोडतायत."

यंत्रंही आणून पाहिली. घोड्याच्या खोगिरासारखं स्टूल मिळतं. त्यावर बसलं की मांड्या खाली उतरतात आणि कणा आपोआप ताठ होतो. चांगली चीज आहे. ते आलं त्या दिवशी आमच्या मावशी, म्हणजे माझा दुसरा हात, त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "खोगीर आलं, घोडं कधी यायचंय?" चष्म्याला लावायची भिंगंही घेतली. ती डोळ्यांतलं अंतर आणि आपण किती लांबून काम करतो ते अंतर मोजून, आपापल्या मापाची बनवून घ्यायची असतात. मी मात्र स्वस्तात मिळाली म्हणून एका वर्गमित्राची जुनी घेतली. तो माझ्यापेक्षा अर्धा फूट बुटका. त्याच्या मापाचं अंतर गाठायला मला होते त्याहून खाली वाकावं लागायला लागलं. एक लहान मुलगा आ करून माझ्याकडे बघत राहिला आणि तोंडातलं काढल्याबरोबर आईला म्हणाला, "या सोनार आहेत का?" मी म्हटलं, "नाही रे बाळा, सोनार पाट मांडून बसतो. त्याची पाठ बरी असेल."

पण एका रात्री मानेला शेक घेत पडले असताना खरं काय ते मनाशी कबूल केलं. दोष स्टुलाचा नव्हता, भिंगांचा नव्हता, आमच्या पुस्तकांचाही नव्हता. पुस्तकात सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. पेशंटचं डोकं म्हणजे घड्याळ समजा. माथ्यामागे बारा, हनुवटीकडे सहा. उजव्या हाताच्या डॉक्टरने नऊ ते बाराच्या मध्ये बसावं, पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला आणावं, आणि दात दिसत नसेल तर स्वतः वाकण्याऐवजी पेशंटला मान वळवायला सांगावं. शेवटचं वाक्य परीक्षेत मी अधोरेखित करून लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. प्रत्यक्षात मी साडेआठला बसते आणि कंबरेपासून वरची अकराला पोचते.

कारण मला सांगता येत नाही. भीड पडते.

आजोबा खुर्चीत बसतात आणि सांगतात, "मला फार आडवं करू नका हं, घेरी येते." मग आजोबा बसलेले आणि मी आडवी. काकूंचा अंबाडा, त्यावर गजरा. डोकं टेकवलं तर गजरा चुरगळतो, संध्याकाळी हळदीकुंकू आहे. मग काकूंचं डोकं अधांतरी आणि मी त्याच्याखाली. एका आजींनी खुर्ची मागे झुकताना विचारलं, "डोकं कुठल्या दिशेला येतंय गं?" उत्तरेला येत होतं. उत्तरेला डोकं करून त्या निजणार नाहीत म्हणाल्या. खुर्ची जमिनीत बोल्टने बसवलेली आहे, त्यामुळे मी हलले. पुढाऱ्यांचा फोन उजव्या कानाला, त्यामुळे उजवीकडून प्रवेश बंद. ज्याला ताप आलाय ते पोर आईच्या मांडीवर, आई खुर्चीत, आणि मी गुडघ्यावर. हे सगळे माझ्या एका शब्दावर जबडा दुखेपर्यंत आ करतात. "थुंका" म्हटलं की थुंकतात. भुलीची सुई टोचून घेतात. आणि या लोकांना "जरा मान उजवीकडे करा" एवढं सांगायला माझी जीभ उचलत नाही. वयाने मोठ्या माणसाला मान फिरवायला सांगायचं म्हणजे काय! त्यापेक्षा आपणच वाकावं. आमच्या घरात मोठ्यांपुढे वाकायचंच शिकवलंय. कोणाचा मान राखायचा म्हणून मी माझी मान मोडली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या धंद्यात ती मणक्याची सवत आहे.

हे सगळं समजून दोन महिने झाले, तरी काही बदललं नाही. समजल्याने मान सरळ होत असती तर हाडांचे डॉक्टर उपाशी मेले असते. मग एका संध्याकाळी शाळेतले पी.टी.चे सर आले.

सर आधी फौजेत होते, मग आमच्या शाळेत. आता पंचाहत्तरीच्या पुढे असतील, पण दारातून आले तेव्हा दारच जरा बाजूला सरकल्यासारखं वाटलं. मी उठून नमस्कार केला. वाकून केला, आणि तिथेच पहिली कळ आली. सर म्हणाले, "ती शेवटच्या रांगेत उभी राहून बाजूच्या पोरीशी बोलायची, तीच ना तू?" मी म्हणाले, "हो सर." मावशींनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

सर खुर्चीत झोपले. झोपले म्हणजे आडवे सावधान झाले: टाचा जुळलेल्या, हात दोन्ही बाजूंना, अंगठे पँटच्या शिवणीवर. तोंड उघडलं. सत्तावीस नंबर. गालाच्या बाजूने.

पी.टी.च्या सरांना कोण सांगणार, मान वळवा म्हणून? मी नेहमीसारखी निघाले. साडेआठला बसले, उजवं कोपर वर नेलं, कंबर पिळली, मान आधी पुढे आणि मग तिरकी घातली, आणि डाव्या हातातल्या आरशात त्या फटीचा शोध सुरू केला. सर खालून माझ्याकडे बघत होते. आम्ही कसे बसतो हे जगात फक्त पेशंटलाच नीट दिसतं, आणि नेमकं त्यालाच बोलता येत नाही.

सर म्हणाले, "आ-अ-आ."

मी भाषांतर केलं. थांब ना. मी थांबले. "दुखतंय का सर?"

सरांनी बोट हलवून नाही म्हटलं. मी पुन्हा वाकले.

"आ-अ-आ!"

वास आला? मी नळीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "आज फिनेल जरा जास्त पडलंय खरं." सरांनी पुन्हा बोट हलवलं. मी तिसऱ्यांदा त्या कोनात शिरले, आणि तेव्हा त्या उघड्या तोंडातून, आरसा आणि नळीला न जुमानता, आमच्या शाळेच्या पटांगणावरचा तोच चढा सूर बाहेर पडला: "आआआ-अ-आन!"

सावधान!

मला कळायच्या आधी माझ्या पाठीला कळलं. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो कणा कुठेतरी शिल्लक होता. कोपरं खाली आली, खांदे मागे गेले, हनुवटी आत गेली. फिजिओच्या पोरीने दहा दिवस घसा कोरडा करून जे झालं नाही ते एका आरोळीत झालं. मावशीही हातातल्या ट्रेसकट ताठ उभ्या राहिल्या.

सरांनी तोंडातली नळी बाजूला केली. "पोक काढून काय बसतेस? मणके काय उसने आणलेत?"

"सर, ती दाढ दिसत नाही वाकल्याशिवाय."

"कधी दिसेल?"

मी चाचरत म्हणाले, "म्हणजे, तुम्ही जर... त्रास होत नसेल तर... मान थोडीशी तुमच्या उजव्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे..."

"ही ऑर्डर झाली का?" सर गरजले. "पेशंट काय अंदाजाने वळणार? नीट दे!"

बाहेर तीन पेशंट बसलेले. मी दाराकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "दहिने..."

"आवाज!"

"दहिनेऽऽ देख!"

खटकन मान वळली. हनुवटी वर, नजर खिडकीवर, तोंड उघडं. आणि सत्तावीस नंबर, पंचवीस वर्षं मला जमिनीपर्यंत वाकवणारी ती दाढ, दिव्याच्या उजेडात समोर आली. मी बसल्या जागेवरून, ताठ मानेने, ती पाहिली. इतकी साधी होती ती. कीड कोरली, दाढ भरली, चावून बघायला लावलं, उंचवटा घासला. पंधरा मिनिटांत मानेत एकदाही कट्ट वाजलं नाही. मध्येच सर म्हणाले, "आ-आ." या वेळी मला भाषांतर करावं लागलं नाही. शाळेत असताना हा शब्द मला त्यांच्याकडून एकदाही मिळाला नव्हता. शाबास.

काम संपलं. मी हत्यारं ट्रेमध्ये ठेवली, दिवा बंद केला. सर तसेच: टाचा जुळलेल्या, मान उजवीकडे, तोंड उघडं. मला वाटलं जबडा आखडला. मी घाबरून बघते तर त्यांचे डोळे माझ्यावर, वाट बघत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"विश्राम," मी म्हणाले.

सरांनी तोंड मिटलं.